एकेचाळिसावं रोप

१

पेनिना मावशी रोपं घेऊन आली तेव्हा ऊन मावळतीकडे झुकलं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, बोटभर उंचीची, चार-चार पानांची सुकुमाची रोपं. ही पालेभाजी सरोवराकाठच्या या गावांत घरोघरी रोज शिजते, पण अपोंडीनं आजवर ती बाजारातून जुडीनंच आणलेली. तिच्या हातांना माशांची सवय होती, मातीची नव्हती.

"चाळीस आहेत. मोजून घे बाई, मागून मला नावं ठेवशील," मावशी म्हणाली.

"तुमच्यावर विश्वास नाही होय माझा?"

"रोपांच्या बाबतीत माझा माझ्यावरही नाही. मोज."

अपोंडीनं मोजली. चाळीसच होती. चार ओळी, ओळीला दहा.

मावशीनं कमरेचं फडकं घट्ट खोचलं आणि पहिलं रोप स्वतः लावून दाखवलं. "मूळ दुमडू द्यायचं नाही, सरळ सोडायचं. मग दोन्ही हातांनी माती दाबायची, अशी. थप, थप, थप. तान्ह्याला थोपटतात ना, तशी. आणि प्रत्येकाला एक फांदी, मावळतीच्या अंगाला. दुपारचं ऊन लागलं की संपलं."

"किती दिवस ठेवायची सावली?"

"आठवडाभर. आणि एक ध्यानात ठेव. उद्या सकाळी ही सगळी माना टाकतील. मेलीच असं वाटेल तुला. लगेच उपटायला धावू नकोस. जागा बदलली की धरायला वेळ लागतो त्यांना. तुला घाई फार असते."

शेवटचं वाक्य मावशी सहज बोलून गेली. अपोंडीला मात्र ते लागलं, कारण गेले नऊ महिने अख्खं गाव तिच्याबद्दल तेवढंच बोलत होतं. ती उठली. कुंपणाच्या झुडपांच्या चाळीस फांद्या तोडून आणल्या आणि एकेक करून खोचल्या. अंधार पडायच्या आत काम उरकलं. जाताना मावशी रोपांच्या बदल्यात ओगोलाचं एक जुनं जाळं घेऊन गेली. तिला ते कोंबड्यांना अडवायला हवं होतं.

२

ओगोला म्हणजे अपोंडीचा नवरा. नऊ महिन्यांपूर्वी मासे धरायला गेला तो परतलाच नाही. होडी उलटी सापडली. भाऊबंदांनी तीन आठवडे सरोवराचा काठ पालथा घातला, पण प्रेत काही मिळालं नाही.

प्रेत मिळालं नाही की इथं यागोचं फळ पुरतात. यागोच्या झाडाला हातभर लांबीची, जड, राखाडी फळं लोंबत असतात. त्यातलं एक आणायचं, गेलेल्याच्या कपड्यात गुंडाळायचं, त्याच्यावर पडून रडायचं आणि खड्ड्यात ठेवून माती लोटायची. त्यानंतर तो माणूस मेला, आणि घर पुढं चालायला मोकळं झालं. पण त्याआधी म्हातारे लोक बायकोला विचारतात. तिनं हो म्हणावं लागतं.

ओगोलाची आई दोर्का सगळ्यांच्या हातापाया पडली होती. "अजून एक पावसाळा थांबा रे. माझं पोट सांगतंय, पोरगा जिवंत आहे."

अपोंडीनं हो म्हटलं. का म्हटलं? रोज किनाऱ्यावर उभं राहून ती थकून गेली होती. प्रत्येक वल्ह्याच्या आवाजाला दचकून उठणं, वाहत आलेल्या प्रत्येक ओंडक्याकडे धावत जाणं तिच्यानं होईना. तिला झोप हवी होती. कारण एवढंच होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

फळ आणायलाही तीच गेली. कच्चं आण, हिरवट बघून आण, असं म्हाताऱ्यांनी बजावलं होतं. कच्ची फळं तिनं उचलून पाहिली. ती हलकी लागली. ओगोला काही हलका नव्हता. तिनं एक पिकलेलं, भरलेलं, दोन्ही हातांनी पोटाशी धरावं लागेल असं फळ घेतलं आणि कुणी बघायच्या आत ते त्याच्या निळ्या शर्टात गुंडाळून टाकलं.

त्या दिवसापासून दोर्का सुनेच्या हातचं खात नव्हती. घरात मासा शिजवायचा नाही असाही तिचा हुकूम होता. ज्या पाण्यानं मुलगा नेला त्यातलं काही ताटात नको. शेजारची कुणी बाजरीची पेज आणून देई, त्यातले दोन घोट ती घेई. पूर्वी ती अपोंडीला "पोरी" म्हणायची. आता "उयोमाची" म्हणायची, माहेरच्या गावावरून, जशी काही काल लग्न होऊन आलेली परकी बाई. म्हातारी डोळ्यांदेखत वाळत चालली होती. गाव काय म्हणेल ते म्हणो, पण अपोंडीचा तिच्यावर जीव होता. ओगोलाच्या मागं तिला तेवढं एकच माणूस उरलं होतं.

घराच्या उजव्या अंगाला एक वाफा होता. ओगोलानं तो जाण्याच्या आदल्याच दिवशी खणला होता, परत आल्यावर रोपं लावू म्हणून. पुढं कबरही घराच्या उजव्याच अंगाला करायची असते, म्हणून ती त्या वाफ्याच्या टोकाला आली. एकदा दोर्का भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, "माझ्या मुलानं खणलेल्या मातीत काही उगवलं, तर खाईन." या एका वाक्यावर अपोंडीनं सगळी भिस्त ठेवली होती.

३

सकाळी पाणी घालायला ती गेली तेव्हा मावशी म्हणाली होती तसंच झालं होतं. एकूण एक रोपानं मान टाकली होती. तिला त्यांची कीव आली. तळाला भोकं पाडलेल्या डब्यानं ती एकेका रोपाला पाणी देत गेली. वाकायचं, फांदी जराशी बाजूला करायची, पाणी सोडायचं, पुढं सरकायचं. काम सोपं होतं आणि कितीतरी दिवसांनी तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

चौथ्या ओळीच्या शेवटी तिनं अकराव्यांदा पाणी सोडलं.

हात पुढं गेल्यावर तिला ते कळलं. दहा रोपांची ओळ होती, आणि इथं, कबरीच्या मातीला लागून, अकरावी सावली होती. फांदी तिच्या कुंपणातली नव्हती. सरोवराच्या काठी पाण्यात वाढतात त्या लव्हाळ्याचा तुरा होता, आणि त्याच्या देठाला काळा चिखल लागलेला होता. सरोवर इथून तासाभराच्या वाटेवर. फळ पुरल्यापासून ती तिकडे फिरकलेली नव्हती.

तुऱ्याच्या सावलीत एक रोप होतं. दोनच पानं, जाड, चकचकीत. बाकीची चाळीस रोपं आडवी झाली होती आणि हे ताठ उभं होतं. भोवतीची माती ओली होती आणि नीट दाबलेली होती.

मावशी परत येऊन गेली असेल, असं तिनं ठरवलं. मोजायला चुकलो असू. नाहीतर रोपाच्या निमित्तानं कुणी थट्टा केली असेल. गावात रिकामटेकडे काय कमी आहेत? आणि नव्या बागेत एक रोप जास्तीचं निघालं तर त्यात वाईट काय आहे? तिनं त्यालाही डबाभर पाणी दिलं. माती ते पटकन प्यायली.

४

दुसऱ्या दिवशी ते रोप तिथं नव्हतं.

ते एक पाऊल पुढं होतं. वाफ्याच्या बाहेर, अंगणातल्या झाडून झाडून टणक झालेल्या जमिनीत. तीच दोन पानं, तोच लव्हाळ्याचा तुरा, मावळतीच्या अंगाला खोचलेला. मागं जिथं ते काल होतं तिथला खड्डा कुणीतरी बुजवून सपाट केला होता. त्या जमिनीत कुदळ मारली तर ठिणगी उडायची. तिथं ते रोप असं बसलं होतं, जसं काही लोण्यात बोट घातलंय.

तिसऱ्या दिवशी आणखी एक पाऊल. चौथ्या दिवशी आणखी एक.

अपोंडीनं डोकं ठिकाणावर ठेवायचा खूप प्रयत्न केला. रोपं चालत नाहीत. म्हणजे कुणीतरी ते उठवतंय आणि लावतंय. कोण? घरात दोघीच होत्या. दोर्काची झोपडी अंगणाच्या पलीकडे होती, तिला धड दिसत नव्हतं आणि गुडघे धरून ती जेमतेम दारापर्यंत यायची. पण पोटचा मुलगा गेलेली आई काय करेल आणि काय नाही, याचा नेम कुणी सांगावा? म्हातारी पहाटे उठत असेल. रांगत येत असेल. अपोंडीनं स्वतःची अशी समजूत घातली. मग लव्हाळं कुठून आलं, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारलाच नाही.

आठवड्यानं तिनं चाळीस रोपांच्या फांद्या काढल्या. त्यांनी मूळ धरलं होतं, नवी पानं फुटत होती. एकेचाळिसाव्याची सावली मात्र कुणी काढली नाही. ते कुठल्या दिशेनं चाललंय हे तोवर तिच्या लक्षात आलं होतं. कबरीपासून तिच्या घराच्या दारापर्यंत तीस पावलं होती. सात संपली होती.

५

किडीसाठी रोपांभोवती राख टाकायची असते. त्या संध्याकाळी अपोंडीनं चुलीतली सगळी राख काढली आणि त्या एका रोपाभोवती चांगली ऐसपैस पसरली. पुढच्या दोन-तीन पावलांपर्यंत पसरली. म्हातारी रांगत आली तर गुडघे उमटतील, दुसरं कुणी आलं तर पाय उमटतील. पाय उमटावेत म्हणून तिनं अगदी मनापासून प्रार्थना केली.

सकाळी राखेवर पाऊल नव्हतं. कोंबडीचंही नव्हतं.

रोप एक पाऊल पुढं आलं होतं, आणि त्याच्या बुडाभोवती मात्र बोटं उमटली होती. माती दाबताना उमटतात तशीच, दोन्ही हातांची. ती गुडघ्यांवर बसली आणि जवळून बघायला लागली. काहीतरी चुकीचं होतं, पण काय ते तिला बराच वेळ कळेना. मग तिनं त्या ठशावर आपलं बोट ठेवलं.

ठसा खोल गेलेला नव्हता. वर उचललेला होता. पातळ चादरीखालून कुणी हात दाबून धरावा, तशी माती खालून वर आली होती. डाव्या हाताचं दुसरं बोट अर्धंच होतं.

ओगोलाचं तेच बोट होडीच्या दोरात सापडून तुटलं होतं. लग्नाआधीची गोष्ट. ते अर्धं बोट धरूनच तो तिला पहिल्यांदा या अंगणात घेऊन आला होता.

तिनं राख हातानं विस्कटून टाकली. मग उठून घरात गेली, दार लावलं आणि आतून लाकडाचा अडसर घातला. बाहेर चांगलं लख्ख ऊन पडलं होतं.

६

शेवटी ती दोर्काकडे गेली. झोपडीत नेहमीसारखा धुराचा आणि म्हाताऱ्या अंगाचा वास होता. दोर्का चटईवर बसून होती.

"आई, एक विचारू? रागावू नका."

"रागवायला अंगात जोर लागतो, उयोमाची. विचार."

"तुम्ही पहाटे बाहेर जाता का? वाफ्याकडे?"

"मी?" म्हातारीनं गुडघ्यांवर हात आपटले. "हे घेऊन? परसाकडं जायचं तर अर्धा दिवस लागतो मला. का गं? काय झालंय?"

अपोंडीनं तिला हाताला धरून बाहेर आणलं. नऊ महिन्यांत तिचा हात पहिल्यांदाच हातात आला होता. नुसती हाडं होती. रोपाशी पोचल्यावर दोर्का कण्हत खाली बसली आणि तिनं पान चिमटीत धरलं. चोळलं. हुंगलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"यागो आहे हे," ती म्हणाली.

अपोंडीनं कबरीकडे पाहिलं.

"कच्च्या फळाचं रोप होत नाही. तू पिकलेलं पुरलंस का गं?"

"हो." ती म्हणाली. "कच्ची हलकी लागली, आई. मला तो हलका नको होता."

आता म्हातारी शिव्या घालील, छाती पिटील, गाव गोळा करील, असं तिला वाटलं. दोर्का हसली. दात पडलेल्या तोंडानं ती कितीतरी वेळ हसत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"किती पावलं उरलीत दारापर्यंत?"

"एकवीस."

"मी सांगत होते ना तुम्हाला! येतोय तो. अगं, बघत काय उभी राहिलीस, पाणी आण त्याला. आणि मला पेज दे थोडी. तुझ्याच हातची दे."

अपोंडीनं पेज केली. दोर्कानं वाटीभर प्यायली आणि वर वाटी चाटून पुसली. रोज सकाळी तिचं बुटकं स्टूल अंगणात मांडायचं असं ठरलं. ती तिथं रोपाशेजारी बसायची, लहान पोराशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायची आणि पाऊल मोजून घ्यायची. तिच्या गालांवर थोडं मांस दिसायला लागलं. अपोंडीला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पेज ढवळताना तिचं लक्ष जमिनीकडे असायचं, कारण म्हातारीला ठसे दिसले नव्हते. ते खालून वर आलेले होते हे तिला ठाऊक नव्हतं.

७

दारापासून बारा पावलं उरली तेव्हा आवाज सुरू झाला.

उजाडता उजाडता ती जागी व्हायची, आणि अंथरुणात पडल्या पडल्या तिला तो ऐकू यायचा. थप, थप, थप. आवाज भिंतीपलीकडून येत नव्हता. शेणानं सारवलेल्या जमिनीला कान लावला की जास्त स्पष्ट व्हायचा. कुणीतरी काम करत होतं, सावकाश, न थकता, उद्याच्या जागेची माती मऊ करत. मध्येच थांबायचं. दम खाल्ल्यासारखं. मग पुन्हा थप, थप.

ती खोली दोघांची होती. खिळ्याला त्याची टोपी होती, कोपऱ्यात त्याचं वल्हं होतं. त्या वस्तूंकडे बघत ती विचार करायची. समजा, आला. आणखी दहा-अकरा दिवसांनी दाराशी आला. काय येईल? जे पुरलं तेच येईल. तिनं आपल्या हातानं शर्टाची बटणं लावली होती. त्या शर्टात जे होतं ते. आणि आल्यावर ते काय विचारेल, हे तर तिला पक्कं ठाऊक होतं. हो कुणी म्हटलं?

तो गुरुवार होता, बाजाराचा दिवस. रस्त्यावर वर्दळ होती, बायका डोक्यावर टोपल्या घेऊन हाका मारत जात होत्या. ऊन चांगलं वर आलं होतं. दोर्का स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होती. नऊ पावलं उरली होती.

अपोंडी वाकली आणि रोप धरून ओढलं.

ते वीतभरच होतं, पण निघेना. देठ गरम होतं. तिनं दोन्ही हातांनी धरलं, टाचा रोवल्या आणि जोर लावला, तेव्हा खालून कुणीतरी धरून ठेवल्याचं तिला स्पष्ट जाणवलं. ते ओढत नव्हतं, नुसतं धरून होतं. बुडणारा माणूस धरतो तसं. तिच्या तोंडून ओगोलाचं नाव निघालं. आणि मग पकड सुटली. एकदम सुटली, ती मागं पडली.

मूळ तिच्या हाताहून लांब होतं, सरळ, कुठंही न दुमडलेलं. तिनं ते कुंपणापलीकडे भिरकावून दिलं, लव्हाळंही टाकलं, खड्डा पायानं बुजवला. हात धुतले, पुन्हा धुतले. दोर्का जागी झाली तेव्हा तिनं सांगितलं, "शेजाऱ्यांच्या बकरीनं खाल्लं, आई."

दोर्कानं काठीनं चाचपून पाहिलं. कितीतरी वेळ चाचपत राहिली. त्या दिवशी तिनं पेज घेतली नाही.

८

शनिवारी दुपारी ओयुगी आला. ओगोलाचा चुलतभाऊ, होडी सापडली तेव्हाही बातमी त्यानंच आणली होती. सायकल भिंतीला न लावता त्यानं ती तशीच जमिनीवर पडू दिली.

"वहिनी, बसा तुम्ही. काकी, तूही बस."

"बसलेलीच आहे मी. बोल," दोर्का म्हणाली.

"ओगोला सापडला."

ओयुगीनं टोपी काढून हातात चुरगाळली.

"पाण्यात नाही सापडला. रस्त्यावर. तो बुडाला नव्हता, वहिनी. वाऱ्यानं पलीकडच्या देशाच्या हद्दीत गेला, तिथं होडी उलटली, तिथल्या पोलिसांनी उचलून कोंडला त्याला इतके महिने. तीन आठवड्यांपूर्वी सोडलं. जवळ काही नाही, पाय दुखावलेला. पण सोडलं त्याच दिवशी त्यानं चालायला सुरुवात केली. सरोवराला वळसा घालून. रोज थोडं थोडं."

अपोंडीनं विचारलं, "कोण सांगतं हे?"

"एक चहावाली. तिच्या टपरीवर थांबला होता. तिनंच गावाचं नाव विचारून निरोप पाठवला. त्यानं सगळं सांगितलं म्हणे तिला. खुशीत होता. म्हणाला, पाय असा आहे, पण रोज चालतो, अजून नऊ दिवसांत घरी पोचतो. रात्री रस्त्याकडेला झोपलो की स्वप्नात घरचा वाफा दिसतो म्हणाला, रोपं लावत असतो मी. मग एकदम त्यानं जमिनीवर हात टेकले, काहीतरी धरल्यासारखे. चहावालीला वाटलं चक्कर आली. तिनं पाणी आणेस्तोवर संपलं होतं."

"कधी?" हे दोर्कानं विचारलं.

"गुरुवारी. ऊन वर आल्यावर. दहा वाजले असतील."

दोर्काचं तोंड अपोंडीकडे वळलं. त्या डोळ्यांना धड काही दिसत नव्हतं, तरी अपोंडीला वाटलं की या घरात आल्यापासून म्हातारीनं आपल्याला एवढं नीट कधी पाहिलंच नव्हतं.

"चहा प्यायला का रे त्यानं?" दोर्कानं विचारलं.

"अर्धा."

९

त्याला आणलं तेव्हा त्याची दाढी छातीपर्यंत आली होती. तळपाय फाटून त्यात रस्त्याची माती बसलेली होती. अपोंडीनं ते पाय धुतले. डाव्या हाताचं अर्धं बोट तिनं मुठीत धरून ठेवलं, आणि म्हाताऱ्यांनी सोडवलं तेव्हाच सोडलं. तिला ओरडून सांगायचं होतं की हे मी केलं. तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणाला ते कळलं नसतं, एक दोर्का सोडून; आणि दोर्काला सांगायची गरज नव्हती.

दुसरी कबर खणायची नाही, असं म्हाताऱ्यांचं ठरलं. आधीचीच उघडायची, फळ काढून टाकायचं आणि माणूस ठेवायचा. त्यांनी ती उघडली. निळा शर्ट निघाला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. आत काही नव्हतं. फळाची सालसुद्धा नव्हती. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, शर्ट बाजूला ठेवला आणि ओगोलाला खाली उतरवलं. या वेळी अपोंडीला कुणी काही विचारलं नाही. तिनं स्वतः वाकून पाहिलं. तो मेलेला होता. थंड, जड, पुरता मेलेला. त्यात शंका घ्यायला जागा नव्हती.

माणसं चार दिवस राहिली आणि पांगली. पाचव्या दिवशी सकाळी अपोंडी बादली घेऊन वाफ्याकडे गेली. सुकुमाची चाळीस रोपं आता गुडघ्याएवढी झाली होती, पानं रुंद, काळपट हिरवी. पहिली तोडणी करायला झाली होती. ती एकेक पान खुडत चौथ्या ओळीच्या शेवटी आली.

कबरीच्या ताज्या मातीला लागून लव्हाळ्याचा एक तुरा उभा होता. हिरवागार, देठाशी ओला चिखल. मावळतीच्या अंगाला खोचलेला.

मागच्या खेपेला तो जिवंत होता. कुठंतरी रस्त्यावर होता, पाय ओढत होता, आणि ही तो येण्याचीच खूण होती. आता तो कुठं आहे ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग आता कोण येतंय? तिनं तुरा बाजूला करून बघितलं नाही.

"पोरी." मागून आवाज आला. दोर्का झोपडीच्या दारात, काठीवर रेलून उभी होती. नऊ महिन्यांनी तिनं त्या नावानं हाक मारली होती. "आहे का गं तिथं काही?"

अपोंडीला नाही म्हणता आलं असतं. बकरी होती, कोंबडी होती, काहीही होतं. वाकून एक झटका दिला की संपलं असतं. इतकं कोवळं रोप अजून कुणी धरूनही ठेवलं नसतं.

"आहे, आई," ती म्हणाली.

"मग पाणी घाल. आणि आता घाई करू नकोस."

तिनं डबा भरला आणि पाणी सोडलं. मातीनं ते पटकन पिऊन घेतलं. खालून, अगदी हलकेच, थप थप असा आवाज आला.

मग ती घरात गेली. भाजी चिरली, चूल पेटवली. लाकूड कमी पडलं तेव्हा तिनं दाराचा अडसर काढला, दोन तुकडे केले आणि ते चुलीत सारले. अडसर जुना आणि वाळलेला होता, चांगला जळला. शिजलेली भाजी तिनं ताटात घेतली, सोबत मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा ठेवला आणि दोर्कासमोर नेली. दोर्कानं तिच्या हातून घास घेतला. सावकाश चावला, गिळला आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.

"किती पावलं?" तिनं घासातूनच विचारलं.

"तीस," अपोंडी म्हणाली, आणि तिला भरवत राहिली.